पडणारं विमान कसं निवडावं

मागच्या दिवाळीत भाच्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर राखाडी रंगाचं लढाऊ विमान, पोटाखाली खोटी क्षेपणास्त्रं, शेपटीवर तिरंगा. "मामा, हेच घेऊन राहिलो मी. रिमोटसकट येते."

"पडल्यावर काय काय तुटते त्याचं?"

"पडन कायले?"

पडतं. रिमोटवरचं विमान शिकताना पडतंच. आमच्या घरावरून सोनेगावच्या धावपट्टीकडे उतरणारी खरी विमानं दिवसभर दिसतात. त्यामुळे नागपूरच्या पोरांना विमान ही फार शिस्तीची वस्तू वाटते. तीनेक फूट पंखाचं हलकं विमान मात्र वाऱ्याच्या एका झुळकेनं कलंडतं, आणि त्याला सावरणारा माणूस आत बसलेला नसतो. तो पन्नास मीटर लांब उभा असतो, मान वर करून, डोळे बारीक करून. म्हणून पहिलं विमान निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. ते पडताना किती हळू पडेल, आणि सकाळी पडलेलं संध्याकाळपर्यंत जोडून होईल का.

हळू पडण्याचा संबंध थेट वजन आणि पंखाच्या क्षेत्रफळाशी आहे. पंख हवेत पुढे सरकतो तेव्हा तो हवेला खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला पंखाचं तोंड जास्त वर करावं लागतं. हा कोन साधारण १५ अंशांच्या आसपास गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही, सुटते. उचल कोसळते आणि विमान नाक टाकतं. यालाच स्टॉल म्हणतात. विमान जितकं जड आणि पंख जितका लहान, तितक्या जास्त वेगात हे घडतं.

हिशेब करून बघा. १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. विमानाचं वजन ८०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३३ ग्रॅम भार आला. याला विंग लोडिंग म्हणतात. आता तेच ८०० ग्रॅम ९० सेंटिमीटर लांब आणि सरासरी १५ सेंटिमीटर रुंद पंखावर ठेवा, म्हणजे भाच्याच्या लढाऊ विमानावर. भार ५९ ग्रॅमवर गेला. ढोबळ हिशेबानं पहिलं विमान ताशी २६ किलोमीटरपर्यंत हवेत तग धरतं, तर दुसरं ३५ च्या खाली उतरलं की कोसळतं. नऊ किलोमीटरचा तर फरक, असं वाटेल. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून दुसरं विमान जवळजवळ पावणेदोन पट जोरानं आपटेल. शिवाय ते हातातून सुटल्यावर विचार करायला वेळही कमी देतं. शिकाऊ विमान निवडताना आधी विंग लोडिंगचा आकडा बघा. चाळिशीच्या आत असावा, तिशीत असला तर फारच छान.

मग आकार. पंख धडाच्या वर बसवलेला हवा, आणि त्याची दोन्ही टोकं थोडी वर उचललेली हवीत, उघडलेल्या पुस्तकासारखी. या वळणाला डायहेड्रल म्हणतात. झुळकेनं विमान एका अंगावर कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं. अशा वेळी खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि तो आपोआप वर येतो. म्हणजे रिमोटवरच्या काड्या, बोटांनी हलवायच्या त्या छोट्या दांड्या, सोडून दिल्या तरी विमान स्वतःला सरळ करतं. लढाऊ विमानाला हा गुण मुद्दाम दिलेला नसतो, कारण ते चपळ असावं लागतं. आपल्याला चपळाई नको, आज्ञाधारक बैल पाहिजे. मोटर नाकावर आहे की पंखाच्या मागे, यावर लोक तासभर वाद घालतात. मागे असली तर पडताना पंखा, म्हणजे मोटरवर फिरणारा प्रॉपेलर, वाचतो, पण हातानं फेकताना बोटं जपावी लागतात. नाकावर असेल तर पंखा मोडतो, आणि तोच सगळ्यात स्वस्त भाग आहे.

बांधणीत तीन पर्याय. तयार विमानं बहुतेक ईपीओ नावाच्या चिवट फोमची येतात. ती चेपतात, फाटतात, पण इन्स्टंट गोंदानं दोन मिनिटांत जुळतात. साधा पांढरा थर्माकोल हलका असतो, मात्र तोच इन्स्टंट गोंद त्याला अक्षरशः खाऊन टाकतो. तिथे फेविकॉल किंवा ग्लू गन. तिसरा पर्याय सनपॅक शीट, म्हणजे निवडणुकीच्या आणि क्लासच्या जाहिरातींचे बोर्ड ज्या पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे असतात तो. जड असतो, पण मरत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांची निम्मी विमानं याच पत्र्याची असतात, आणि पंखाच्या खालच्या बाजूला कुठल्यातरी ट्यूशनवाल्याचा अर्धा चेहरा दिसत असतो. सनपॅक घेतला तर पंख मोठा ठेवा, नाहीतर विंग लोडिंग हाताबाहेर जातं.

कशाचंही असो, पंख स्क्रूनं पक्का करू नका, रबर बँडनं बांधा. धडातून आरपार दोन काड्या घालायच्या, पंख वर ठेवायचा आणि एका काडीपासून दुसरीपर्यंत रबर ताणायचे. चार सरळ, दोन तिरपे. विमान आपटलं की रबर ताणले जातात, पंख सुटून बाजूला पडतो आणि धक्का तिथेच विरतो. स्क्रूनं बसवलेला पंख तो सगळा धक्का धडाला देतो, आणि धड मधोमध तुटतं.

आता विजेची बाजू. इथे नवखा माणूस आकडे पाहून घाबरतो, पण सगळी साखळी एका ओळीत मांडता येते. बॅटरी वीज देते, ईएससी नावाचा डबा ती वीज हवी तेवढी मोटरला सोडतो, मोटर पंखा फिरवते. ईएससीमधूनच ५ व्होल्टचा एक वेगळा फाटा रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा इशारा झेलणाऱ्या विमानातल्या डबीला, आणि सर्वोंना जातो. सर्वो म्हणजे शेपटी आणि पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी. या मापाच्या विमानाला ९ ग्रॅमवाले पुरतात.

मोटरवर १००० केव्ही असं लिहिलेलं असतं. ते किलोव्होल्ट नव्हे. दर व्होल्टला मोटर रिकामी असताना मिनिटाला १००० फेरे मारेल, एवढाच त्याचा अर्थ. ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर झाले ११,१०० फेरे, पंखा लावल्यावर अर्थात कमी. केव्ही कमी तर पंखा मोठा आणि हळू, केव्ही जास्त तर पंखा लहान आणि वेगवान. शिकाऊ विमानाला मोठा पंखा आणि मंद वेग बरा. आपल्याकडे २२१२ मापाची १००० केव्हीची मोटर, ३० अँपियरचा ईएससी आणि ९ किंवा १० इंची पंखा ही जोडी इतकी रुळलेली आहे की कॉलेजच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तिचे जळके अवशेष सापडतील. ८०० ग्रॅमच्या विमानाला ती पुरून उरते.

बॅटरी मात्र नीट समजून घ्या, कारण या छंदातला खरा धोका तिच्यातच आहे. लिथियम पॉलिमर, बोलीभाषेत लायपो. तिच्या प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट. तीन सेल एकामागे एक जोडले की ११.१, त्यालाच ३एस म्हणतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला थांबतो आणि ३ च्या खाली गेला की खराब होतो. मी साडेतीनच्या आसपास उतरवतोच. वर २२०० एमएएच लिहिलं असेल तर ती २.२ अँपियर एक तास देईल. २५सी म्हणजे तिच्या क्षमतेच्या २५ पट, ५५ अँपियर, एका दमात देऊ शकते असा कंपनीचा दावा. दाव्यातले निम्मेच धरा आणि निवांत राहा. उडताना सरासरी १० अँपियर लागले आणि बॅटरीचा फक्त ८० टक्के भाग वापरला, तर साधारण दहा मिनिटं मिळतात. रिमोटवरचा टायमर आठवर लावा. बॅटरी संपत आली की ईएससी मोटर बंद करतो, पण सर्वोंची वीज चालू ठेवतो. मोटर बंद झाली म्हणजे विमान गेलं असं नाही. ते तरंगत उतरवता येतं.

चार्जिंग २.२ अँपियरनं, बॅलन्स चार्जरवर, म्हणजे तीनही सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर. तासाभराचं काम. तो तासभर बॅटरीजवळ कुणीतरी हवं. फरशीवर ठेवा, गादीवर नाही. मी जुन्या माठाच्या तळाशी रेती घालून त्यात ठेवतो. आई म्हणते, बॅटरीला माठाचं थंड पाणी पाजतो की काय. वापर नसेल तेव्हा भरलेली ठेवायची नाही, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टला आणून ठेवायचा, चार्जरमध्ये त्याची सोय असते. आणि नागपूरकरांसाठी खास सांगतो, मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये लायपो विसरू नका. बाहेर ४५ अंश असताना काचा बंद कारमध्ये काय होतं ते आपण सगळे जाणतो. फुगलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी. दाबून, टाचणी टोचून तिची हवा काढायला जाऊ नका, ती पेट घेते.

रिमोटवर मात्र काटकसर करू नका. विमान मोडेल, दुसरं येईल, मोटर जळेल, रिमोट दहा वर्षं तोच राहील. सध्याचे जवळजवळ सगळे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपापल्या रिसीव्हरशी बांधलेले असतात. पूर्वी क्रिस्टल बदलून चॅनेल ठरवायचे, आणि मैदानात दुसऱ्यानं त्याच चॅनेलचा रिमोट चालू केला की तुमचं विमान त्याचं ऐकायला लागायचं. त्यातून मारामाऱ्या झालेल्या आहेत. सहा चॅनेलचा रिमोट घ्या, म्हणजे विमानातल्या सहा वेगवेगळ्या गोष्टी चालवू शकणारा, जरी सुरुवातीला तीन-चारच लागले तरी. मोड २ घ्या, म्हणजे डाव्या हाताला मोटर आणि शेपटीचं सुकाणू, उजव्या हाताला वर-खाली आणि कलणं. आपल्याकडे शिकवणारा बहुधा मोड २ वालाच भेटतो. रिमोट, चार्जर, बॅटरीसकट सनपॅकचं विमान स्वतः बांधलं तर साधारण नऊ-दहा हजारांत बसतं, आणि त्यातला अर्धा पैसा एकट्या रिमोटचा.

माझं पहिलं विमान चार सेकंद उडालं. हातातून सुटलं, नाक वर केलं, आणखी वर केलं, पाठीवर पडलं. बॅटरी दोन इंच मागे बसली होती, बस. विमानाचा तोल कुठे आहे हे पंखाखाली दोन बोटं धरून बघायचं असतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान तोल यायला हवा. २० सेंटिमीटर रुंद पंखाला ५ ते साडेसहा सेंटिमीटर. बोटांवर विमान सपाट किंवा किंचित नाक खाली करून राहिलं पाहिजे. नाक थोडं जड असेल तर विमान ओढून ओढून उडेल, पण उडेल. शेपटी जड असेल तर ते कुणाचंच ऐकत नाही. संक्रांतीला पतंग एका बाजूला झुकायला लागली की आपण दुसऱ्या टोकाला चिंधी लावतो, तोच धडा इथे आहे. फक्त इथे चिंधीऐवजी बॅटरी पुढे सरकवायची, आणि जागा सापडली की तिथे स्केच पेननं रेघ मारून ठेवायची.

तरीही विमान बहुतेक वेळा पडतं ते तोलामुळे नाही. पडतं ते डाव्या-उजव्यामुळे. विमान तुमच्यापासून लांब जात असताना काडी उजवीकडे म्हणजे विमान उजवीकडे, सगळं सरळ. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. डोकं हे समजतं, बोटं समजत नाहीत. विमान डावीकडे कललेलं दिसतं, बोटं घाईनं काडी उजवीकडे ढकलतात, ते आणखी कलतं. दोन सेकंदांत खेळ संपतो. यावर एक युक्ती आहे. विमान तोंडासमोर येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसतो, काडी त्याच बाजूला न्या, पडक्या भिंतीला टेकू द्यावा तशी. डावीकडचा पंख खाली, काडी डावीकडे. विचार करायचा नाही, टेकू द्यायचा.

हे बोटांत उतरवायला विमान विकत घ्यायची गरज नाही. पिकासिमसारखा फुकट सिम्युलेटर कॉम्प्युटरवर टाका, रिमोट यूएसबी केबलनं जोडा आणि रोज वीस मिनिटं नुसतं आठ आकड्यात फिरवा. पंधरा दिवस. तिथे शंभरदा पडलं तरी एक रबर बँड तुटत नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं, मग तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, "मामा, आज सत्तावीस वेळा पडलो."

उडवायचं कुठे, हा प्रश्न नागपुरात इतर गावांपेक्षा अवघड आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवा, पिवळा, लाल अशी वाटणी केली. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत मोकळीक, त्यापलीकडच्या हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत. आता सोनेगाव शहराला किती चिकटून आहे ते डोळ्यांसमोर आणा. बर्डी, धरमपेठ, अंबाझरी, फुटाळा, सगळं त्या ८ किलोमीटरांत येतं. कस्तुरचंद पार्क कितीही मोकळं दिसलं तरी नाहीच. वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, कामठीला छावणी, अंबाझरीला आयुध निर्माणी. यांच्या आसपास रिमोट हातात घेऊन उभं राहण्याची हौस कुणी करू नये. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा निघायच्या आधी उघडून बघा. आम्ही उमरेड रोडला शहर मागे टाकून बरेच पुढे जातो. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरायच्या आधीचं वावर असेल, मालकाला विचारलेलं असेल आणि आसपास विजेच्या तारा नसतील, तर त्याहून चांगली धावपट्टी नाही.

वेळ सकाळची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सात ते साडेनऊ. त्यानंतर काळी जमीन तापते, गरम हवेचे गोळे वर सुटतात आणि घारी पंख न हलवता चकरा मारायला लागतात. घारी गोल फिरायला लागल्या की नवख्यानं गाशा गुंडाळावा. शिकलेल्यानं खरं तर तेव्हाच उडवावं, पण ते नंतर. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ असते, त्यामुळे तेच विमान जास्त वेगानं उडवावं लागतं, वर वावटळी वेगळ्या. पावसाळ्यात चिखलात बूट सापडला तर विमान सापडत नाही. आणि संक्रांतीचे चार-पाच दिवस विमान माळ्यावर. "ओ काट" ओरडायला गच्चीवर जा, मांजा पंख्यात गुंतला की मोटर जागीच जळते.

मैदानात आधी रिमोट चालू, मग विमानात बॅटरी. बंद करताना उलट. विमानाच्या मागे उभं राहून तपासा. काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर उठते का, काडी स्वतःकडे ओढली की शेपटीची झडप वर येते का. उलट असेल तर रिमोटमध्ये बदला. हे तपासायला दहा सेकंद लागतात, आणि न तपासल्यामुळे मोडलेली विमानं मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी नुसतं "केलं चेक" म्हटलं तरी मी स्वतः एकदा बघतो. रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर बंद व्हावी, ही फेलसेफची व्यवस्था पंखा काढून ठेवून तपासा.

मूठभर माती हवेत सोडून वारा बघा आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, सूर्य शक्यतो पाठीशी. पहिल्या वेळी फेकायला दुसरा माणूस हवा. मोटर तीन चतुर्थांश, विमान खांद्याच्या उंचीवर, फेक सपाट, भाल्यासारखी. आकाशाकडे फेकलं तर वेग मिळायच्या आत स्टॉल होतं. मग काही न करता त्याला चढू द्या. कडेच्या निंबाच्या तिप्पट उंची आली की मोटर निम्म्यावर आणा. त्या उंचीवर चूक झाली तरी दुरुस्तीला हवा शिल्लक असते. वळताना काडी दिली की लगेच सोडा, लहान लहान टोचण्या, धरून ठेवायची नाही. आणि विमान खाली येताना दिसलं की काडी पोटाशी ओढायची इच्छा आवरा. वेग नसताना ओढलं तर पंखाचा कोन वाढतो आणि तोच स्टॉल होतो, ज्यातून ते आधीच पडत आहे. काडी सोडा, नाक खाली जाऊ द्या, मोटर द्या, वेग आल्यावर हलकेच वर घ्या.

उतरवणं त्या मानानं सोपं. वाऱ्याच्या विरुद्ध यायचं, लांबून मोटर कमी करत यायचं, गुडघ्याएवढ्या उंचीवर मोटर बंद आणि काडी किंचित मागे. पहिल्या दिवशी ते तुमच्या पायाशी उतरेल अशी अपेक्षा नको. आपल्याच वावरात उतरलं तरी पुष्कळ.

भाच्यानं शेवटी सनपॅकचं बांधलं, एकशे वीस सेंटिमीटरचं, पंखाखाली "प्रवेश सुरू" अशी अक्षरं. जानेवारीतल्या एका सकाळी ते सहा मिनिटं उडालं. चौथ्या वळणावर त्यानं टेकूची युक्ती मोठ्यानं म्हणत म्हणत ते सरळ केलं. पाचव्या वळणावर म्हणायला विसरला. विमान शेजारच्या तुरीत गेलं. वीस मिनिटं शोधलं, आधी पंख सापडला, मग धड. तुटलेले फक्त रबर बँड होते. वावराचे मालक बांधावर उभे राहून सगळं बघत होते.

"काय हो भाऊ, यानं फवारणी होते काय?"

"नाही काका," भाचा खिशातून नवे रबर काढत म्हणाला, "हे अजून नुसतं पडते."